स्पिन मॉप मराठवाड्याच्या फरशीवर: काय टिकतं, काय मोडतं

निकाल आधी सांगून टाकू. घरात टाइल्सची किंवा पॉलिश केलेली फरशी आहे, खोल्या दोन ते चार आहेत आणि पुसणाऱ्याचे गुडघे उकिडवं बसू देत नाहीत, तर स्पिन मॉप घ्यावा. फरशी खडबडीत शहाबादीची असेल तर घेऊ नये, पैसे वाया जातील. एका खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा नोकरदारालाही त्याची गरज नाही. घेतलाच तर बादलीच्या रंगावर, चाकांवर आणि साबणाच्या डबीवर भुलू नये. पैसे जाळीवर, दांड्यावर आणि दोन जादा रिफिलवर घालावेत.

हे परीक्षण एका कंपनीच्या मॉपचं नाही. बाजारात मिळणारे बहुतेक स्पिन मॉप एकाच बनावटीचे असतात, स्टिकर तेवढा वेगळा. फरक पडतो तो भागांच्या दर्जात, आणि त्याहून जास्त वापरण्यात आणि ठेवण्यात. शिवाय मराठवाड्यातल्या घरांना चार गोष्टी वेगळ्या सोसाव्या लागतात: बोअरचं क्षाराचं पाणी, काळ्या मातीची पिठासारखी धूळ, उन्हाळ्यातली पाण्याची ओढ आणि प्लास्टिक फोडणारं ऊन. जाहिरातीतल्या चकचकीत फरशीवर यातलं काहीच नसतं.

वस्तू नेमकी काय आहे

मॉपचे पाच भाग: बादली, तिच्यातली पिळायची जाळी, दांडा, दांड्याच्या टोकाची चकती आणि चकतीला बसणारं धाग्यांचं रिफिल. सगळी करामत दांड्यात आहे. आत पीळ दिलेली सळई असते. दांडा खाली दाबला की त्या पिळावरून सरकणारा भाग चकतीला फिरवतो. वर ओढताना चकती आपल्याच वेगात फिरत राहते. चकती जाळीच्या मधल्या दात्यांवर बसलेली असते, म्हणून तिच्याबरोबर जाळीही फिरते आणि पाणी बाहेर फेकलं जातं. कपडे धुण्याच्या यंत्रात ड्रायर जे करतो तेच हे. पुसताना दांडा फिरू नये म्हणून त्याला एक लॉक असतं, कुठे पिळायचं, कुठे खटक्याचं.

रिफिलचे धागे मायक्रोफायबरचे, म्हणजे पॉलिस्टर आणि पॉलिअमाइड यांचे बारीक चिरलेले तंतू. ते पाणी आणि धूळ दोन्ही सुती कापडापेक्षा चांगलं धरून ठेवतात. हा गुण टिकवायचा की घालवायचा हे धुण्यावर ठरतं, ते पुढे येईलच.

दुकानात उभं राहून काय बघायचं

लातूरची गंजगोलाई असो, संभाजीनगरचं गुलमंडी असो की नांदेडचं वजिराबाद, दुकानदाराला खोका उघडायला सांगा. खोका न उघडता घेतलेला स्पिन मॉप म्हणजे न वाजवता घेतलेलं मडकं.

दांडा जोडून घ्या, लॉक सोडा आणि जाळीवर ठेवून दहा-बारा वेळा दाबा. हालचाल एकसारखी हवी. मध्येच अडखळला किंवा खरखरला तर दुसरा मागा. ही खरखर वापरून मऊ होत नाही, वाढतच जाते. मग दांड्याचे जोड बघा. तीन-चार तुकडे आट्यांनी जोडलेले असतात. आटे धातूचे असतील तर चांगलं. प्लास्टिकचे असतील तर रोजच्या दाबानं झिजतात आणि दांडा पुसताना डोलायला लागतो. पूर्ण ओढल्यावर दांडा पुसणाऱ्याच्या हनुवटीपर्यंत यायला हवा. आखूड दांड्यानं पुसलं की कंबर वाकते, आणि ज्यासाठी मॉप घेतला तेच साधत नाही. घरी मावशी पुसायला येत असतील तर उंची त्यांच्या मापानं बघा, घेणाऱ्याच्या नव्हे.

जाळी स्टीलची की प्लास्टिकची? स्टीलचीच. पाणी जास्त निथळतं असं काही नाही. प्लास्टिकची जाळी रोजच्या दाबानं किंचित वाकते, मग ती फिरताना बादलीच्या कडेला घासते आणि टकटक आवाज करते. स्टीलची आकार सोडत नाही. मात्र स्टील फक्त भिंतीला असतं. मधले दाते आणि खालचं टोपण बहुतेक वेळा प्लास्टिकचंच असतं आणि तुटतं तेच. म्हणून जाळी हातानं उचलून बाहेर निघते का ते नक्की बघा. न निघणाऱ्या जाळीखाली केस आणि गाळ साचतो आणि तो काढता येत नाही.

बादलीला खाली पाणी सोडायचं बूच हवं. भरलेली बादली मोरीपर्यंत नेऊन उलटी करण्यात सांडतं ते पाणी परत पुसावं लागतं. चाकांचा उपयोग गुळगुळीत टाइल्सवरच आहे. उंबरठे असलेल्या घरात चाकं अडकतात आणि ओढायची दांडी मोडते. साबण ओतायची डबी निव्वळ दिखावा.

रिफिल गोल, साधारण 16 सेंटिमीटरच्या चकतीला बसणारं घ्या. हे माप सगळीकडे मिळतं. त्रिकोणी चकती कोपऱ्यात बरी जाते, पण तिचं रिफिल तालुक्याच्या गावी शोधत फिरावं लागतं. मॉप घेतानाच दोन जादा रिफिल घ्या. एक वापरात, एक वाळत, एक कपाटात.

किमतीचं म्हणाल तर प्लास्टिकच्या जाळीचा संच हजाराच्या आत येतो, स्टीलच्या जाळीचा हजाराच्या वर. यातला फरक देण्यासारखा आहे. त्याहून महाग, दोन हजारांच्या पुढच्या संचात जास्त करून बादलीचा थाट वाढलेला असतो.

आधी झाडणं, मग पुसणं

स्पिन मॉपबद्दल सगळ्यात जास्त तक्रार येते ती "पुसल्यावर रेघा उमटतात" ही. दोष बहुधा मॉपचा नसतो, झाडण्याचा असतो. इथली धूळ काळ्या मातीची. ओली झाली की ती चिकट होते. न झाडता मॉप फिरवला की धूळ उचलली जात नाही, तिचा पातळ चिखल होऊन तो खोलीभर पसरतो. वाळल्यावर त्याच्याच रेघा. रब्बीची मळणी आणि उन्हाळ्याचा वारा यांच्या दिवसांत हे जास्त जाणवतं. कापसाच्या पट्ट्यात तूसही उडत असतो, तो धाग्यांत अडकून त्याच्या वाती होतात.

झाडताना पंखा बंद. आतल्या खोलीतून दाराकडे यायचं. फूलझाडू जमिनीवर टेकवून ओढायचा, उडवायचा नाही. हात वर गेला की धूळ वर जाते आणि अर्ध्या तासानं पुन्हा खाली बसते, तोवर पुसून झालेलं असतं. पलंगाखाली झाडू जात नसेल तर कोरडं, जुनं रिफिल चकतीला लावून तिथं फिरवा. कोरडा मायक्रोफायबर धूळ चांगली ओढतो.

झाडूबद्दल थोडं इथंच. फूलझाडू खोल्यांसाठी, शिंदीचा फडा अंगणासाठी, खराटा मोरीसाठी आणि शहाबादीसाठी. एकच झाडू घरभर आणि ओट्यावरही फिरवला तर चार महिन्यांचा झाडू दोन महिन्यांत संपतो. नव्या फूलझाडूतून भुसा गळतो. तो बाहेर नेऊन भिंतीवर आपटा आणि जुन्या कंगव्यानं विंचरून टाका, मगच घरात आणा. फूलझाडू भिजवू नये. ओला झाला की फुलोरा गोळा होतो आणि दांड्याजवळ कुजतो. आडवा ठेवा किंवा टांगा, फुलोऱ्यावर उभा ठेवला की तो एका बाजूला कायमचा वळतो. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणायची रीत केरसुणीला पुरते. रोजच्या वापरातल्या फूलझाडूला मात्र पुढच्या दिवाळीपर्यंत ओढू नये. फुलोरा निम्मा झडला की तो केर ढकलत नाही, कुरवाळतो.

पाणी किती, साबण किती, दाब किती

साध्या संचातल्या बादलीत खुणेपर्यंत चार ते पाच लिटर पाणी बसतं. खुणेच्या वर भरू नये. जाळी पाण्याला टेकली की निथळत नाही आणि पाणी उसळून बाहेर येतं. या पाण्यात फरशी धुण्याचा द्रव 10 ते 15 मिली पुरे, म्हणजे दोन-तीन चहाचे चमचे. बाटलीवर वेगळं प्रमाण दिलं असेल तर ते पाळा. "थोडं जास्त टाकू, वास येईल" इथंच बिघडतं. जास्तीचा साबण फरशीवर चिकट थर सोडतो, अनवाणी चाललं की पावलं उमटतात आणि त्या थरावर धूळ आणखी बसते. जड पाण्यात कपड्याची साबण पावडर टाकली तर क्षाराशी मिळून राखाडी साय होते, म्हणून ती नकोच. फरशी आधीच चिकट झाली असेल तर दोन-तीन दिवस नुसत्या पाण्यानं पुसा, थर उतरतो.

पाण्यात मूठभर मीठ टाकायची पद्धत अनेक घरांत आहे. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याच्यापाशी, पण मिठाचं पाणी पिळाच्या सळईला गंज चढवतं आणि काळ्या टाइलवर पांढरी झाक सोडतं. अमावास्येला टाकायचंच असेल तर त्या दिवशी हातानं कापडानं पुसा.

मॉप बुडवा, जाळीवर ठेवा, बाहेर आलेले धागे हातानं आत सारा आणि दांडा सरळ उभा धरून दाबा. तिरपा दाब हे दांडे मोडण्याचं पहिलं कारण. हॉलच्या गुळगुळीत टाइल्सना सात-आठ दाब, म्हणजे धागे ओलसर पण थेंब न गळणारे. स्वयंपाकघरात तीन-चार दाब पुरतात, तिथं थोडं पाणी हवं असतं. पुसताना लॉक लावलेलं असावं. मागे मागे येत, आठच्या आकड्यासारखा मॉप फिरवा. ढकलत नेला तर केस आणि कचरा पुढच्या कडेला जमतो आणि वळताना तिथंच पडतो.

आता या वस्तूचा खरा दोष. एका कप्प्याच्या बादलीत मॉप ज्या पाण्यात खळबळतो त्याच पाण्यात घाण परत पडते. पहिली खोली स्वच्छ पाण्यानं पुसली जाते, तिसरी मातकट पाण्यानं. जाहिरात हे सांगत नाही. उपाय दोन. पाणी मुबलक असेल तर दर दोन खोल्यांनी बदला. नसेल तर शेजारी एक साधी बादली ठेवा: मॉप आधी साध्या बादलीत खळबळायचा, मग साबणाच्या बादलीत बुडवून पिळायचा. साबणाचं पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहतं आणि तीन खोल्यांचं घर दोन्ही मिळून आठ-नऊ लिटरमध्ये होतं. स्वच्छ आणि घाण पाण्याचे वेगळे कप्पे असलेले संचही मिळतात. कल्पना चांगली, पण त्यांचे कप्पे लहान, नळ्या बारीक, आणि क्षारानं त्या नळ्या तुंबतात. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरासाठी आमची पसंती दोन बादल्यांनाच.

रोज सगळं घर पुसायची गरज नसते. झाडणं रोज, स्वयंपाकघर आणि जेवायची जागा रोज, बाकी खोल्या एक दिवसाआड. फिनेल आठवड्यातून दोनदा पुरे, मोरी आणि संडास सोडून. मांजर पाळत असाल तर काळं फिनेल वापरूच नका. त्यातली द्रव्यं मांजराच्या शरीराला पचत नाहीत, आणि ते पंजे चाटतं.

पाणी कोणतं वापरायचं

2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. टँकरच्या दिवसांत पिण्याचं पाणी फरशीला कोणी घालत नाही, घालूही नये. मग उरतं ते दुसऱ्या कामातलं पाणी, आणि त्यात भेद आहे.

आरओ यंत्रातून टाकाऊ निघणारं पाणी बादलीत साठवणारी घरं पुष्कळ आहेत. त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. मॉप खळबळायला ते चालतं, मोरी धुवायला चालतं. शेवटचा हात मात्र त्याचा नको. गडद टाइलवर आणि काळ्या ग्रॅनाइटवर पांढरे डाग पडतात. कुलरच्या टाकीतलं पाणी तर त्याहून वाईट. कुलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, म्हणून टाकी रिकामी करताना निघणारं पाणी चवीलाही खारट लागतं. ते अंगणात शिंपडावं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी उलट जवळजवळ क्षारमुक्त असतं, हवेतली वाफ थंड होऊन ते तयार होतं. एसी असलेल्या घरानं ते साठवून शेवटच्या हाताला वापरावं. त्या पाण्यानं पुसलेल्या फरशीवर डाग राहत नाहीत. पिण्याला मात्र ते घेऊ नये.

डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी फरशीला नको. त्यातल्या पिठूळपणावर मुंग्या येतात.

क्षार चढला की

काही महिन्यांनी जाळी जड फिरायला लागते. मधल्या खुंटीवर पांढरा, खरखरीत थर दिसतो. हा पाण्यातला चुना. तेल घालून तो जात नाही, उलट तेलाला धूळ चिकटते. जाळी काढा, अर्धा लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्त्व विरघळवा आणि खुंटीचा भाग वीस-पंचवीस मिनिटं त्यात बुडवून ठेवा. बुडबुडे येतील. मग जुन्या टूथब्रशनं घासून साध्या पाण्यानं दोनदा धुवा. खुंटीभोवती गुंडाळलेले केस चिमट्यानं किंवा सुईनं काढा. लांब केसांच्या घरात जाळी अडण्याचं कारण निम्म्या वेळा केसच असतात. महिन्यातून एकदा हे केलं तर जाळी नव्यासारखी फिरते.

हेच लिंबूसत्त्व, व्हिनेगर किंवा बाटलीतलं ॲसिड शहाबादीवर, कोटा फरशीवर किंवा संगमरवरावर टाकू नका. शहाबादी फरशी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची, चुनखडीचा दगड. कोटा तसाच. ॲसिड पडलं की फसफसतं आणि बघणाऱ्याला वाटतं घाण निघतेय. निघतो तो दगड. चमक जाते, बारीक छिद्रं पडतात आणि पुढं त्यात काळी माती कायमची भरते. दिवाळीच्या साफसफाईत अशा किती ओसऱ्या खराब झाल्या आहेत ते गावात फिरलं की दिसतं. आणि ॲसिडचा क्लीनर ब्लीचिंग पावडरीबरोबर एकाच बादलीत कधीही टाकू नका. क्लोरीन वायू तयार होतो, बंद मोरीत तो फुप्फुसाला घातक ठरतो.

रिफिलची निगा

मॉपचं आयुष्य बादलीवर नाही, रिफिलवर ठरतं. पुसून झालं की रिफिल चकतीवरून काढा. पायानं एका कडेला दाबून दांडा उचलला की सुटतं. स्वच्छ पाण्यात खळबळून, पिळून, दोरीवर पसरा. बादलीत किंवा जाळीत ओलं ठेवलेलं रिफिल रात्रीतून वास धरतं, आणि दुसऱ्या दिवशी तोच वास फरशीला लागतो. वरून फिनेल टाकून तो झाकला जातो, जात नाही.

आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून चोळा. उकळतं पाणी नको, तंतू आखडतात. कपड्यांचं सॉफ्टनर नको, ते तंतूंवर थर बसवतं आणि मग धागे पाणी ओढायचं सोडून नुसते सरकतात. क्लोरीनचं ब्लीचही नको, पॉलिअमाइड कुजतो. टॉवेल किंवा सुती कपड्यांबरोबर यंत्रात टाकू नका, सगळा तूस रिफिल ओढून घेतं. हळदीचे डाग पडले तर काळजी नको, उन्हात फिके होतात. धागे वाळल्यावर जुन्या कंगव्यानं मोकळे करा.

ऊन औषधही आहे आणि विषही. मे महिन्यात रिफिल तासाभरात वाळतं, वाळलं की आत घ्यावं. बादली मात्र गच्चीवर विसरू नये. परभणी-नांदेडच्या उन्हात पारा 42 च्या पुढे जातो, त्यात ठेवलेलं स्वस्त प्लास्टिक एका उन्हाळ्यात ठिसूळ होतं आणि मग बुचाजवळ तडा जातो. बादली सावलीत, पालथी.

दांडा टांगताना चकती खाली. वर ठेवली तर उरलेलं पाणी दांड्यात उतरतं आणि सळई गंजते. दांड्याला वर टांगायचं भोक असतं ते यासाठीच, भिंतीला टेकवून उभा करण्यासाठी नव्हे.

रोजच्या वापरात एक रिफिल साधारण तीन-चार महिने काम देतं. धुऊन वाळवल्यावरही धागे ताठ, चपटे राहत असतील, किंवा पाणी लवकर न ओढता फरशीवर थेंब सोडत असतील, तर ते बदला. उतरवलेलं रिफिल गाडी पुसायला, कुलरची जाळी पुसायला आणखी बरेच दिवस चालतं.

दांडा फिरेनासा झाला तर

आधी लॉक बघा. दहातल्या निम्म्या तक्रारी तिथंच संपतात. लॉक सुटं असून फिरत नसेल तर चकती जाळीच्या दात्यांवर नीट बसली आहे का बघा. रिफिलची कड चकतीत न बसता वर आली असेल तरी अडतं. रिफिल बसवताना चकती फरशीवर ठेवून सगळीकडून पायानं दाबा, टक असा आवाज यायला हवा. तरीही दांडा नुसता खाली-वर होतो आणि चकती फिरत नाही, तर आतला प्लास्टिकचा भाग झिजला. तो दुरुस्त होत नाही, दांडा बदलावा लागतो. सुटा दांडा मिळतो, पण त्याच बनावटीचा लागतो, म्हणून जुना दांडा घेऊनच दुकानात जा. पुसताना चकतीचा सांधा निखळत असेल तर तिथली पिन बाहेर आली आहे. हातोडीनं हलके ठोकून ती परत बसते, मात्र एकदा सुटलेली पिन पुन्हा सुटतेच.

मग शहाबादीवर काय?

खडबडीत शहाबादीवर मायक्रोफायबरचे धागे दगडाच्या टोकांवर अडकून तुटतात आणि सांध्यातली माती तशीच राहते. तिथं जुनीच पद्धत खरी. खराट्यानं पाणी मारून घासायचं आणि रबरी वायपरनं उताराकडे ओढायचं. वायपरचं रबर बोटानं दाबून बघून घ्या, मऊ आणि दोन पट्ट्यांचं असावं. ताठ रबर उंच-सखल फरशीवर पाणी मागे सोडतं. वायपर रबरावर टेकवून उभा करू नये, पट्टी वाकते. उन्हात टाकलेल्या वायपरच्या रबराला चिरा पडतात, आणि मग पाण्याच्या समांतर रेघा राहायला लागतात.

सिमेंटच्या कोब्याला स्पिन मॉप चालतो, फक्त दाब कमी द्यावे लागतात आणि रिफिल लवकर झिजतं. जुन्या मोझॅकला तो उत्तम. लाकडी फ्लोअरिंग मराठवाड्यात कमीच, पण असेल तर दहा-बारा दाब देऊन, जवळजवळ कोरडाच फिरवावा.

एका खोलीसाठी किंवा म्हाताऱ्या माणसासाठी फ्लॅट मॉप बरा. चपटी पट्टी, उभ्या खाचेत घालून ओढली की पिळली जाते, दोन-तीन लिटर पाण्यात काम होतं. जोर खाली दाबण्यात नाही, वर ओढण्यात लागतो, तो मनगटाला सोपा. पलंगाखालीही तो सहज जातो. त्याची पट्टी मात्र वेलक्रोवर बसते, आणि वेलक्रोत केस गेले की पकड सुटते. दर आठवड्याला ते केस सुईनं काढावेत. सुती धाग्यांचा जुना दांडीचा पोछा आम्ही घरासाठी सुचवणार नाही. तो हातानं नीट पिळला जात नाही, वाळायला दिवस घेतो आणि पावसाळ्यात कायम कुबट राहतो. दुकानाच्या किंवा मंगल कार्यालयाच्या मोठ्या फरशीला, पिळायच्या यंत्रासकट असेल, तर तो चालेल.

हातानं कापडानं पुसणं मागं पडलेलं नाही, हेही नोंदवायला हवं. कोपरे, पायऱ्या आणि देवघरासमोरची जागा त्यानंच निघते. त्यासाठी जुनी सुती साडी किंवा बनियन फाडून दोन फूट बाय दोन फुटांचे तुकडे करा आणि कडा दुमडून शिवा, नाहीतर सुटलेले धागे फरशीवर राहतात. आठवड्यातून एकदा कोपरे आणि भिंतीच्या कडेची स्कर्टिंगची पट्टी याच कापडानं करावी. गोल मॉप कितीही फिरवला तरी चौकोनी कोपऱ्यात बोटभर जागा सोडतोच, आणि महिन्याभरात तिथं काळी रेघ धरते. ती बसली की मग साबण, ब्रश आणि गुडघे, तिन्ही लागतात.